कण्यातील मॉर्फीन आणि जव्हार-मोखाड्यातील वेदनेचा इतिहास

जव्हार-मोखाड्याचा आरोग्यविषयक इतिहास बहुधा मृत्यूंच्या नोंदींवरून लिहिला जातो. १९९२ मधील वावर-वांगणीचे बालमृत्यू हे त्याचे ठळक उदाहरण होय. शस्त्रक्रियेनंतर वाचलेल्या रुग्णाने सोसलेली वेदना मात्र इतिहासलेखनात क्वचितच येते. मूळव्याध व भगंदर यांबाबत ही उणीव विशेष जाणवते; कारण ती जखम प्रत्येक शौचाच्या वेळी नव्याने दुखते, आणि संकोचापोटी रुग्ण त्याविषयी बोलत नाही.

१८९८ मध्ये जर्मनीतील कील येथे ऑगस्ट बीर यांनी कण्यात कोकेन टोचून शरीराचा खालचा भाग बधिर केला. परंतु अशी भूल काही तासांत उतरते; खरी वेदना त्यानंतरची. १९७९ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील वँग व सहकाऱ्यांनी कर्करुग्णांच्या कण्यात अल्प मॉर्फीन देऊन दीर्घकाळ वेदनाशमन साधले. पुढे शस्त्रक्रियेनंतरही ही पद्धत रूढ झाली. मिलिग्रॅमच्या दहाव्या भागाइतकी मात्राही अनेक तास पुरते.

भारतात १९८५ च्या अमली औषधी द्रव्यांविषयीच्या अधिनियमाने मॉर्फीन दुर्मीळ केले. परवान्यांची गुंतागुंत २०१४ च्या दुरुस्तीने कमी झाली. पालघर जिल्हाही त्याच वर्षीचा. तथापि परवाना पुरेसा नाही. या औषधाने लघवी अडते, खाज सुटते, आणि श्वसन मंदावण्याचा धोका उशिरा, कित्येकदा मध्यरात्री, उद्भवतो. डोंगराळ तालुक्यातील रुग्णालयात रात्रभर श्वास मोजणारी परिचारिका नसेल, तर मॉर्फीन हाती असूनही भूलतज्ज्ञाने ते कण्यात न देणेच योग्य ठरते. रुग्णाच्या वाट्याला मग गोळ्या आणि कोमट पाण्याचे कटिस्नान येते.