परग्रहवासी आणि ख्रिस्ती श्रद्धा

पृथ्वीबाहेर बुद्धिमान जीव असतील, तर ख्रिस्ती धर्ममताला बाध येतो का, हा ईशशास्त्रातला जुना प्रश्न. त्याचे मूळ जगांच्या संख्येत नाही. ‘अनंतकोटी ब्रह्मांडनायक’ म्हणत हात जोडणाऱ्या मराठी भाविकाला ब्रह्मांडेही अनेक चालतात आणि अवतारही. ख्रिस्ती मतात मात्र देवाचे देहधारण एकदाच, याच पृथ्वीवर आणि पहिला मानव आदाम याच्या वंशाला पापातून सोडवण्यासाठी झाले. मग जे आदामाचे वंशजच नाहीत, त्यांच्या तारणाचे काय?

चर्चने अनेक जगांची कल्पना सरसकट नाकारली, हा समज अर्धवट आहे. देव एकाहून अधिक जगे निर्माण करू शकत नाही, हे ॲरिस्टॉटलपंथीयांचे विधान पॅरिसचे बिशप एत्येन ताँपिए यांनी 1277 मध्ये निषिद्ध ठरवले. त्या यादीत अशी 219 विधाने होती. फ्रान्सिस्कन पंडित गियोम द व्होरुयों (मृत्यू 1463) यांनी तर तिढ्यालाच हात घातला. परजगातले लोक आदामाचे नव्हेत, म्हणून त्याच्या पापाचे वाटेकरीही नव्हेत. ख्रिस्ताचे येथील मरण तेथेही पुरेल, त्याने पुन्हा तेथे जाऊन मरणे उचित नव्हे, असे त्यांचे मत. पुढच्या सगळ्या वादाची बीजे या दोन वाक्यांत आहेत.

17 फेब्रुवारी 1600 रोजी रोममध्ये तत्त्वज्ञ जोर्दानो ब्रूनो यांना जिवंत जाळले. अनंत जगांचे मत आरोपांत होते, पण त्रैक्य आणि ख्रिस्ताचे देवत्व यांविषयीचे आरोपही होते. त्यामुळे ते केवळ खगोलशास्त्रासाठी बळी गेले, असे म्हणता येत नाही. त्यांना जाळले त्या काम्पो दे फियोरी चौकात 1889 पासून त्यांचा डोक्यावरून टोपी ओढलेला पुतळा उभा आहे.

धर्मटीकाकार लेखक टॉमस पेन यांनी 1794 मध्ये बाजूच उलटवली: जगे अनेक, म्हणून ख्रिस्ती मत हास्यास्पद. याउलट केंब्रिजचे विद्वान विल्यम ह्यूएल यांनी 1853 मध्ये परग्रहवासीच अमान्य केले.

व्हॅटिकन वेधशाळेचे तत्कालीन संचालक, जेझुइट होझे गाब्रिएल फुनेस यांनी मे 2008 मध्ये परग्रहवासीयाला ‘भाऊ’ म्हटले. ख्रिस्ताच्या दृष्टांतातले, शंभरांतले हरवलेले मेंढरू कदाचित माणूसच असेल, असेही सुचवले. मे 2014 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी प्रवचनात मंगळवासीयाने बाप्तिस्मा मागितला तर काय, असे विचारले. बातम्या मंगळाच्या झाल्या; प्रवचन मात्र यहुदी नसलेल्यांना ख्रिस्ती पंथात घ्यावे की नाही, या ख्रिस्तशिष्य पेत्राच्या काळातल्या भांडणावर होते.