सक्करदऱ्यातला ‘ऱ्या’

मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे ज्याची मूळ संहिता कोणालाही वाचता येते, बदलता येते, पुढे देता येते. दार सताड उघडं. मग आपली मुलं उंबऱ्यावरच का थांबली, असं कोणी विचारलं की मला २००६ सालचा सक्करदऱ्यातला माझा कॉम्प्युटर क्लास आठवतो.

१९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सची घोषणा केली, तेव्हा त्याच्या हाताशी विद्यापीठाचं नेटवर्क होतं. आपल्याकडे सामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला, तेही आधी महानगरांत. नागपूरचा नंबर नंतरचा. उबुंटूची सीडी तेव्हा पोस्टाने फुकट यायची. ही सोय २०११ पर्यंत चालली. आमच्याकडे ती आली, लागलीही, पण मोडेम चालेना. त्या स्वस्त मोडेमचं अर्धं काम विंडोजच करायचं. म्हणजे लिनक्स घरात आणि इंटरनेट सायबर कॅफेत!

पण तारांची अडचण पुढे सरली. खरी अडचण आम्हा शिकवणाऱ्यांची होती. आम्ही टर्बो सी वर कोरी पाटी द्यायचो आणि दुसऱ्याचा प्रोग्राम पाहिला की ‘कॉपी’ म्हणून ओरडायचो. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये तर कामाची सुरुवातच दुसऱ्याचं लिहिलेलं वाचण्यापासून होते. हजारो ओळी वाचायच्या, त्यातली एक दुरुस्त करायची. ही सवय आम्ही लावलीच नाही.

शेजारचा एक मुलगा मात्र वाचायचा. एका प्रोग्रामच्या मराठी मेनूत त्याला ‘दुसर्या’ असं दिसलं. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या; सक्करदऱ्यात वाढलेल्याला हा फरक शिकवावा लागत नाही. युनिकोडमध्ये साध्या ‘र’ला हलन्त आणि ‘य’ जोडला की रफार चढतो. ‘ऱ्या’साठी नुक्त्याचा ‘ऱ’ घ्यावा लागतो. त्याने संध्याकाळभर शोधून ते अक्षर बदललं. आमच्या पडद्यावर ‘दुसऱ्या’ उमटलं.

“पाठव ना रे,” मी म्हटलं. पाठवायचं तर खातं उघडा, बदल ठरल्या रीतीने मांडा, इंग्रजीत कारण लिहा. तो म्हणाला, “काका, इंग्रजी चुकली तं हसतील ना.” चूक मराठीची, ती पकडणारा मराठी, आणि भीती इंग्रजीची! चार ओळी मी लिहून द्यायला हव्या होत्या. फीच्या पावत्या फाडत बसलो होतो; ‘उद्या पाहू’ म्हणालो.

त्याची भीती अगदीच पोरकट नव्हती. लिनक्सच्या मंडळींत नवख्यांना झोडपण्याची रीत होतीच. स्वतः टोरवाल्ड्सने आपल्या उद्धट बोलण्याबद्दल सप्टेंबर २०१८ मध्ये माफी मागितली. तोवर आमचा मुलगा पुण्यात नोकरीला लागून बरीच वर्षं झाली होती.

त्या प्रोग्रामची पुढची आवृत्ती मी मुद्दाम उतरवून पाहिली होती. मेनूत ‘दुसर्या’ तसंच होतं.