नांगरलेला उजेड

आज पेण आणि रोहा एकाच रेल्वेमार्गावर आहेत. मालाची ने-आण पडावांतून व्हायची तेव्हा मात्र दोघांच्या मुंबईला जायच्या वाटा वेगळ्या होत्या. पेणचा माल अंतोरे बंदरातून भोगावतीच्या खाडीने धरमतरला आणि पुढे रेवस-करंजामधून मुंबई बंदरात जायचा. जवळजवळ सगळा प्रवास आडोशाचा. रोह्याचा तांदूळ कुंडलिकेने रेवदंड्याला उतरला की समोर उघडा समुद्र. चौल कडूचा खडक, अलिबाग, खांदेरी आणि मग मुंबई बंदराचं तोंड. दिव्याची खरी गरज होती ती रोह्याच्या तांडेलाला.

खांदेरीवर 1867 साली दीपगृह आलं. बंदराच्या तोंडाशी मात्र एकोणिसाव्या शतकात दिवे चक्क जहाजांवर होते. एक बाहेरची दीपनौका, एक आतली.

दीपनौका म्हणजे कुठेही न जाणारं जहाज. जिथे वाळू-चिखलात मनोरा उभा राहत नाही, किंवा तो बांधण्याइतका वेळ आणि पैसा नसतो, तिथे डोलकाठीवर कंदील चढवून जहाजच नांगरून ठेवायचं. 1730च्या दशकात थेम्सच्या मुखाशी, नोर इथे हा प्रयोग झाला. सगळी भिस्त नांगरावर. तो घसरला तर दिवा जागा सोडतो, आणि तांडेल तर त्याच्या जागेवर विश्वास ठेवून सुकाणू धरतो. (बंद पडलेल्या सर्व्हरपेक्षा चुकीचं उत्तर देणारा सर्व्हर घातक, हे आमच्या धंद्यात रोज कळतं.) म्हणून रॉबर्ट स्टीव्हन्सनने बेल रॉकजवळच्या दीपनौकेसाठी अळंबीच्या आकाराचा नांगर वापरला. तो ओढला की तळात आणखी रुततो. वादळात बाकीची जहाजं बंदर गाठतात. दीपनौकेवरच्या खलाशांनी मात्र तिथेच हेलकावे खात वात पेटती ठेवायची. मनोऱ्यावरच्या रखवालदाराच्या पायाखाली निदान दगड तरी असतो.

पुढे प्राँग्ज (1875) आणि संक रॉक (1884) ही दीपगृहं उभी राहिली. ती आजही आहेत. दीपनौका गेल्या.

1927च्या दीपगृह कायद्याच्या व्याख्येत दीपनौकासुद्धा ‘दीपगृह’च होती. 2021च्या नव्या कायद्यात वारसा दीपगृह जाहीर करण्याची तरतूद आली, पण तोवर जाहीर करायला मुंबईची दीपनौका उरलीच कुठे होती? जहाज म्हातारं झालं की आपण ते मोडीत काढतो. ‘विक्रांत’सारखी युद्धनौकासुद्धा 2014 साली मुंबईतच तोडायला घेतली. न्यूयॉर्कमध्ये 1908ची ‘अँब्रोज’ ही दीपनौका धक्क्याला बांधून ठेवली आहे. लोक तिच्यावर चढून खलाशांच्या खोल्या बघतात. आपल्याकडे तसं जहाज आता मिळायचं नाही. पण रोह्यात कुंडलिकेच्या काठी निदान एक नकाशा लावता येईल: पडावांची वाट, खांदेरीचा मनोरा आणि पुढे समुद्रात, जिथे आज काहीच दिसत नाही तिथे, दोन ठिपके.