शाहिरी, विद्रोह आणि चित्रपटीय दस्तऐवज : ‘जय भीम कॉम्रेड’ या माहितीपटाचे ऐतिहासिक मूल्य

मौखिक परंपरेचा इतिहास लिहिताना अभ्यासकापुढील पहिली अडचण साधनांची असते. शाहिराचे कवन वहीत उतरते, क्वचित छापलेही जाते. परंतु त्याची चाल, गाताना घेतलेला श्वास आणि समोर बसलेल्या वस्तीचा प्रतिसाद कागदावर येत नाही. आंबेडकरी जलशाचा इतिहास त्यामुळे बहुतांशी आठवणींवर आणि पुस्तिकांवर उभा आहे. आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) हा तीन तासांहून अधिक लांबीचा माहितीपट या दृष्टीने महत्त्वाचे साधन ठरतो. तथापि इतिहास विभागांतून त्याकडे ‘चित्रपट’ म्हणूनच पाहिले जाते. प्रस्तुत लेखात त्याचा साधन म्हणून विचार केला आहे.

या माहितीपटाच्या निर्मितीस चौदा वर्षे लागली. ११ जुलै १९९७ रोजी मुंबईतील घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्यास चपलांचा हार घातल्याचे सकाळी आढळले. वस्तीतील लोक महामार्गावर जमले आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीने गोळीबार केला. त्यात १० जण मृत्युमुखी पडले. जमाव गॅसचा टँकर पेटविणार होता, हे पोलिसांचे समर्थन होते. न्या. गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरविला. २००९ मध्ये सत्र न्यायालयाने संबंधित पोलीस अधिकाऱ्यास जन्मठेप सुनावली. पुढे उच्च न्यायालयातून त्यास जामीन मिळाला. आयोगाचा अहवाल आणि निकालपत्र अभिलेखागारात सापडेल. मृतांच्या घरातील माणसे त्या दिवसाविषयी कोणत्या शब्दांत बोलतात, हे मात्र या चित्रफितीतच ऐकावे लागते.

गोळीबारानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंड येथील आपल्या झोपडीत गळफास घेतला. पटवर्धनांच्या ‘हमारा शहर’ (१९८५) या झोपडपट्टीवासीयांवरील माहितीपटात घोगरे यांचे गाणे होते. ‘आव्हान नाट्य मंच’ या डाव्या कलापथकात त्यांनी अनेक वर्षे गायन केले. मात्र अखेरच्या काळात संघटनेने त्यांना बाहेर काढले होते. पोटासाठी इतरांच्या कार्यक्रमांत गाणे हे त्यामागील एक कारण होते, असे माहितीपटातून कळते. मृत्यूसमयी त्यांनी डोक्यास निळी पट्टी बांधली होती आणि भिंतीवर भीमसैनिकांच्या ऐक्याचा मजकूर लिहिला होता. आयुष्यभर लाल झेंड्याखाली गाणाऱ्या शाहिराने अखेरीस निळा रंग का जवळ केला? माहितीपटाच्या शीर्षकातील दोन शब्द या प्रश्नातूनच शेजारी आले आहेत. वर्ग आणि जात यांविषयीचे विवेचन मराठीत विपुल आहे. ते एका गरीब कलावंताच्या घरापर्यंत पोहोचले म्हणजे काय होते, याचा इतका अस्वस्थ करणारा पुरावा अन्यत्र दुर्मीळ आहे.

हा पेच १९९७ मध्ये अचानक निर्माण झालेला नाही. सत्यशोधक जलशाचा वारसा घेऊन भीमराव कर्डक यांच्यासारख्या जलसाकारांनी १९३० च्या दशकात आंबेडकरी विचार खेडोपाडी नेला. आपल्या दहा सभा आणि कर्डकांचा एक जलसा सारखाच, असे बाबासाहेब म्हणत, ही आठवण सर्वश्रुत आहे. दुसरीकडे १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी ‘लाल बावटा कलापथक’ उभारले. हे दोन प्रवाह परस्परांस ओळखत होते, एकमेकांच्या चालीही उचलत होते. परंतु त्यांच्या संघटना वेगळ्या राहिल्या. घोगरे या दोहोंच्या मधल्या जागेत उभे होते.

माहितीपटाच्या उत्तरार्धात पुण्याचा ‘कबीर कला मंच’ येतो. २००२ च्या गुजरात दंगलींनंतर स्थापन झालेल्या या तरुणांच्या पथकाने जात, खैरलांजी (२००६), स्त्रियांचे शोषण आणि विस्थापन हे विषय गाण्यांत आणले. शीतल साठे यांचा आवाज आणि त्यांच्या देवभोळ्या आईची मुलाखत शेजारी ठेवून दिग्दर्शकाने एका पिढीतील अंतर फारसे भाष्य न करता दाखविले आहे. मे २०११ मध्ये मंचाच्या दोन सदस्यांना बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली अटक झाली व इतर भूमिगत झाले. जानेवारी २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अटकेतील सदस्यांना जामीन दिला. सामाजिक विषमतेविषयी बोलणे हा गुन्ह्याचा पुरावा होत नाही, असा त्या आदेशाचा आशय होता. २ एप्रिल २०१३ रोजी शीतल साठे आणि सचिन माळी विधान भवनाबाहेर पोलिसांच्या स्वाधीन झाले, तेव्हा पटवर्धन तेथे उपस्थित होते. सागर गोरखे व रमेश गायचोर पुढील महिन्यात हजर झाले. माळी, गोरखे व गायचोर यांना सर्वोच्च न्यायालयातून जामीन मिळण्यास जानेवारी २०१७ उजाडला. सप्टेंबर २०२० मध्ये एल्गार परिषद प्रकरणी गोरखे, गायचोर आणि ज्योती जगताप यांना अटक झाली. दस्तऐवज तयार करणारा येथे दस्तऐवजाचा भाग झाला. इतिहासकाराने याची नोंद घ्यावयास हवी. ती घेतल्याने साधनाचे मूल्य कमी होत नाही, त्याच्या वाचनाची रीत बदलते. घोगरे यांनी सोडलेला प्रश्न कबीर कला मंचाने सोडविला, असा जो सूर संकलनातून उमटतो, तो मात्र दिग्दर्शकाचा आहे. मंचातील पुढील फाटाफूट आणि साठे-माळी यांचा स्वतंत्र ‘नवयान महाजलसा’ पाहता तो जसाच्या तसा स्वीकारता येत नाही.

अमेरिकेतील कृष्णवर्णीय तरुणांनी १९७० च्या दशकात घडविलेल्या हिप-हॉपशी या परंपरेची तुलना अलीकडे होते. १९७२ मध्ये दलित पँथरने आपले नाव तेथील ब्लॅक पँथरवरून घेतले असल्याने ती सर्वस्वी कृत्रिम नाही. मुंबईतील ‘स्वदेशी’ या रॅप गटाने आरे जंगल व वारली आदिवासींचा प्रश्न मराठीतून मांडला. २०२३ मध्ये राजकीय आशयाच्या मराठी रॅपवरून गुन्हेही दाखल झाले. डफाची जागा ध्वनिमुद्रित ठेक्याने घेतली, पोलीस ठाण्याचा संबंध तुटला नाही.

माहितीपटाची एक मर्यादा वऱ्हाडातून पाहताना अधिक जाणवते. खैरलांजीचा अपवाद वगळता त्याचा भूगोल मुख्यत्वे मुंबई-पुण्याचा आहे. मंगरूळपीर तालुक्यातील शेलूबाजारसारख्या बाजारपेठेच्या गावी आणि भोवतालच्या खेड्यांत भीमजयंती, धम्मचक्र प्रवर्तन दिन, लग्न किंवा पुण्यानुमोदन अशा प्रसंगी भीमगीते गायिली जातात. गाणारी भजनी मंडळे दिवसा शेतमजुरी करणाऱ्यांची असतात. तेथे कुणी चौदा वर्षे कॅमेरा घेऊन आलेले नाही. गाण्यांच्या वह्या घराच्या पत्र्याखाली, पेटीत, पावसाळ्यागणिक ओल धरत राहतात आणि वृद्ध गायकांबरोबर चाली जातात. आता भ्रमणध्वनीवर चित्रण होते खरे. पण गायक कोण, गाव कोणते, साल कोणते, गीत कोणाचे, यांपैकी काहीही त्यावर लिहिलेले नसते. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे याच गावांत सात-सात दिवस मुक्कामी असतात. तेवढ्या अवधीत एका गायकाची वही, त्याचा आवाज आणि या चार नोंदी घेणे कोणत्याही विभागास शक्य आहे.