भिंतीवरच्या पोस्टरपासून चारशे एकरांपर्यंत

दिल्ली विद्यापीठ विद्यार्थी संघाच्या, म्हणजे 'डूसू'च्या निवडणुकीचं मतदान 27 सप्टेंबर 2024 रोजी झालं. एरवी मतदान संपलं की लगेच मोजणी होते आणि कॅम्पसमध्ये ढोल वाजतात. त्या वर्षी निकाल लागला 25 नोव्हेंबरला. जवळपास दोन महिने मतं कुलूपबंद राहिली. मतदानात घोळ झाला होता म्हणून नव्हे. उमेदवारांनी पोस्टर, बॅनर आणि स्प्रेच्या रंगाने विद्रूप केलेल्या भिंती आधी स्वच्छ करा, मगच मतं मोजा, असा दिल्ली उच्च न्यायालयाचा आदेश होता. अखेर उमेदवारांनी भिंती घासल्या, रंगवल्या, तसं न्यायालयाला कळवलं, तेव्हा कुठे मोजणीला परवानगी मिळाली.

विद्यार्थी संघ पर्यावरणपूरक कसे करायचे, या प्रश्नाला अनेक जण वृक्षारोपण, कापडी पिशव्या आणि कॅन्टीनमधले स्टीलचे पेले असं उत्तर देतात. ते चुकीचं नाही, पण वरवरचं आहे. संघ जन्मतो निवडणुकीतून. ती निवडणूकच कचऱ्याच्या ढिगावर उभी असेल, तर पुढे लावलेल्या रोपांना फारसा अर्थ उरत नाही.

तकरीर ते छापखाना

आपल्याकडच्या विद्यार्थी संघांचा इतिहास सांगताना अलीगढ टाळता येत नाही. सर सय्यद यांच्या मोहमेडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेजात 1884 मध्ये 'सिडन्स युनियन क्लब' सुरू झाला. नाव पहिल्या प्राचार्यांचं, नमुना केंब्रिज युनियनचा. त्या वेळचे प्राचार्य थिओडोर बेक स्वतः केंब्रिज युनियनचे अध्यक्ष राहिलेले होते. क्लबचं मुख्य काम वादविवाद आणि तकरीर. माणूस उभा राहायचा, बोलायचा, समोरच्याचं ऐकायचा. याच युनियनने 1920 मध्ये गांधीजींना आजीव सदस्यत्व दिलं.

स्वातंत्र्यानंतर विद्यापीठं मोठी झाली, संघही मोठे झाले. डूसूचे मतदार आज लाखाच्या पुढे आहेत. इतक्यांपर्यंत एका उमेदवाराचा आवाज पोहोचत नाही, म्हणून कागद आला. कागद आला तसा पैसा आला, पैशामागे राष्ट्रीय पक्ष आले आणि मागोमाग गाड्यांचे ताफे आले. निवडणुकीच्या आठवड्यात दिल्लीच्या नॉर्थ कॅम्पसमधले रस्ते चिटोऱ्यांनी झाकले जातात. उमेदवाराचं नाव छापलेली ती चिटोरी मूठभर हवेत उधळायची असतात, वाचायची नसतात.

लिंगडोह समितीचे नियम

या सगळ्याला आळा घालण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या सूचनेवरून माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांची समिती नेमली गेली. तिच्या शिफारशी लागू करण्याचा आदेश न्यायालयाने 22 सप्टेंबर 2006 रोजी दिला. समितीचं लक्ष होतं पैसा आणि दांडगाईवर. पण ते नियम आज पुन्हा वाचले, तर ते चक्क पर्यावरणाची आचारसंहिता वाटतात.

छापील पोस्टर आणि पत्रकांना बंदी. फक्त हाताने केलेली पोस्टर, तीही ठरवून दिलेल्या जागीच. उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा 5,000 रुपये. प्रचारात लाउडस्पीकर, वाहनं आणि जनावरं वापरायची नाहीत. आणि मतदानानंतर 48 तासांच्या आत परिसर साफ करण्याची जबाबदारी सर्व उमेदवारांची मिळून.

कायदा आला की पळवाट येतेच. दिल्लीत उमेदवारांनी पोस्टरवर स्वतःच्या नावाचं स्पेलिंग मुद्दाम चुकीचं छापायला सुरुवात केली. एखादं अक्षर जास्तीचं घालायचं. कुणी विचारलं तर म्हणायचं, हा मी नव्हेच! मतदाराला ओळख पटते, नियमाला पटत नाही. म्हणून 2024 मध्ये न्यायालयाला थेट मतमोजणीवर बोट ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी विद्यापीठाने उमेदवारांकडून एक लाख रुपयांचं हमीपत्र मागितलं. तेव्हाही ओरड झाली की सामान्य घरातल्या मुलाने एवढी हमी कुठून द्यायची? हा प्रश्न रास्त आहे. स्वच्छतेची किंमत गरीब उमेदवाराने मोजावी आणि श्रीमंताने भिंती रंगवून वर दंडही सहज भरावा, तर ती स्वच्छता कुणाच्या कामाची?

जेएनयूची हाताने रंगवलेली भिंत

याच दिल्लीत दुसरी परंपराही आहे. जवाहरलाल नेहरू विद्यापीठातली निवडणूक विद्यार्थीच चालवत आले. तिथे अध्यक्षपदाच्या उमेदवारांची जाहीर चर्चा रात्र रात्र चालते आणि पोस्टर हाताने रंगवलेली असतात. साधं कागद-ब्रशचं काम, पण एका पोस्टरला तासन्‌तास लागतात. त्यामुळे त्यात विचार उतरतो, आणि ते हजारोंनी उधळता येत नाही. लिंगडोह समितीने इतरांना सांगितलेली बरीचशी शिस्त इथे आधीपासून होती. तरीही नियमभंगाच्या कारणावरून 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथली निवडणूक थांबवली. ती पुन्हा झाली 2012 मध्ये.

पुढे 2019 मध्ये तिथल्या प्रशासनाने मालमत्ता विद्रूपीकरणाच्या कायद्याकडे बोट दाखवून भिंतींवरची ही पोस्टर उतरवली. इथे सावध व्हायला हवं. डूसूचा छापील कचरा आणि जेएनयूचं हाताने रंगवलेलं चित्र यांना एकच कायदा लावला, तर भिंती स्वच्छ होतील, पण बोलणंही पुसलं जाईल. पर्यावरणाच्या नावाखाली मुलांचं तोंड बंद करण्याची सोय सत्तेला नेहमीच आवडते.

संघच नसेल तर?

आपल्या वाचकांना हा प्रश्न अधिक जवळचा आहे. जामिया मिल्लियामध्ये 2006 पासून विद्यार्थी संघ नाही. अलीगढमध्ये शेवटची निवडणूक 2018 मध्ये झाली. महाराष्ट्रात मुंबईतल्या एका विद्यार्थी नेत्याच्या 1989 मधल्या खुनानंतर चर्चा सुरू झाली आणि 1994 पासून महाविद्यालयीन निवडणुका बंद पडल्या. 2016 च्या विद्यापीठ कायद्याने त्यांची तरतूद पुन्हा केली, पण गाडी कागदावरून पुढे सरकली नाही. जो संघ अस्तित्वातच नाही, त्याला हिरवा कसा करणार?

यावर कुणी म्हणेल, बरं झालं, कचरा तरी नाही. मग हैदराबादकडे पाहा.

हैदराबाद विद्यापीठाला लागून कांचा गचीबोवलीची 400 एकर जमीन आहे. झाडी, खडक, तळी, मोर, हरणं. ही जमीन विद्यापीठाची नव्हतीच, असं तेलंगणा सरकारचं म्हणणं. ती विकासासाठी मोकळी करायची होती. 2025 मध्ये 30 मार्चला उगादी होती आणि 31 मार्चला ईद. नेमक्या त्या सुट्ट्यांमध्ये तिथे बुलडोझर चालले. विद्यार्थी आडवे आले, धरपकड झाली. विद्यार्थी संघाने वर्गांवर बहिष्कार टाकला. 3 एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने काम थांबवलं, तोवर सुमारे शंभर एकरांवरची झाडी गेली होती. त्या खंडपीठावर आपल्या अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई होते. पुढच्या सुनावणीत त्यांनी सरकारला विचारलं, ते शंभर एकर पूर्ववत कसे करणार ते सांगा.

जमीन कुणाच्या नावावर, हा वाद वेगळा. पण सुट्टीच्या दिवशी झाडं पडताना तिथे हजर कोण होतं? विद्यार्थी. आणि त्यांच्यामागे उभं राहायला त्यांनीच निवडून दिलेला संघ होता. 1979 मध्ये दिल्लीचं रिज जंगल वाचवायला शाळा-कॉलेजची मुलं एकत्र आली, त्यातून 'कल्पवृक्ष' ही संस्था उभी राहिली. आज तिचं काम पुण्यातून चालतं. विद्यार्थ्यांच्या तहरीकीतून पर्यावरणाचं काम उभं राहतं, ते असं.

म्हणून दोन्ही गोष्टी एकत्र मागायला हव्यात. संघ हवा, आणि तो आपलं घर झाडणारा हवा. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. छापील पोस्टरऐवजी ठरलेल्या भिंतीवर हाताने केलेलं पोस्टर, उधळायच्या चिटोऱ्यांऐवजी वर्गावर्गांत जाऊन बोलणं, गाड्यांच्या ताफ्याऐवजी पायी प्रचार, फ्लेक्सला पूर्ण मनाई. फ्लेक्स म्हणजे पीव्हीसी. तो कुजत नाही, आणि जाळला तर विषारी धूर सोडतो. हे नियम प्रशासनाने लादण्यापेक्षा संघाने स्वतःच्या घटनेत लिहावेत, म्हणजे ते कुणाविरुद्ध हत्यार म्हणून वापरता येणार नाहीत.

उर्दूत 'इसराफ' म्हणतात, मराठीत उधळपट्टी. आपण तो शब्द लग्नाच्या जेवणावळीपुरता ठेवला आहे. उधळलेल्या प्रत्येक चिटोऱ्यामागे कापलेलं झाड असतं, आणि ते चिटोरं पहाटे वेचणारा सफाई कामगारही. त्या कामगाराला या निवडणुकीत मत नसतं. निवडून आलेल्या संघाने पहिल्या बैठकीत त्याचा विचार केला, तर 1884 च्या त्या तकरीरींना एकशे चाळीस वर्षांनी एक चांगला विषय मिळेल.