उष्णोदकाचा दिलासा : बाथचे संधिवात रुग्णालय

इंग्लंडमधील बाथ नगराची कीर्ती तेथील उष्ण झऱ्यांमुळे झाली. सुमारे ४६ अंश सेल्सिअस तापमानाच्या या पाण्यावर रोमनांनी इसवी सनाच्या पहिल्या शतकात स्नानगृहे उभारली.

अठराव्या शतकात धनिक तेथे स्नानास येत. दूरगावच्या निर्धन रुग्णांना मात्र आश्रय नव्हता. ही उणीव जाणून दात्यांनी वर्गणी जमविली. राल्फ अ‍ॅलन यांनी आपल्या खाणींतील दगड दिला. १७३८ मध्ये पायाभरणी होऊन १७४२ मध्ये रुग्णालय सुरू झाले. प्रवेशासमयी अनामत घेतली जाई. तीतून परतीचा किंवा प्रसंगी अंत्यविधीचा खर्च भागे. कोण बरा झाला, कोणास उतार पडला, कोण तसाच राहिला, याच्याही नोंदी ठेवल्या जात.

उष्णोदकाने स्नायू सैलावतात. कमरेइतक्या पाण्यात शरीराचा भार जवळजवळ निम्मा होतो. म्हणून आखडलेले सांधे तेथे सुखाने हलतात. संधिवात मात्र यामुळे समूळ जात नाही. वेदना व ताठरता सौम्य होते, इतकेच.

१९७८ मध्ये झऱ्याच्या पाण्यात घातक अमीबा आढळून स्नाने बंद झाली. नव्या, सुरक्षित कूपनलिकांच्या आधारे २००६ मध्ये नवे स्नानगृह खुले झाले. रुग्णालयही २०१९ मध्ये जुनी वास्तू सोडून नव्या जागी गेले.

वास्तू बदलली, पण गरिबाच्या वेदनेसाठी जमलेल्या वर्गणीतून उभी राहिलेली सेवा पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ टिकली. दानाला चोख हिशेबाची आणि सत्य नोंदींची जोड असली, की संस्था दीर्घायुषी होते, हेच या इतिहासाचे सार होय.