क्रूझवर खरंच चांगलं वेस्टर्न क्लासिकल ऐकायला मिळतं का? बुकिंगआधी हे तपासा

जाहिरातीतला फोटो साधारण ठरलेला असतो. मागे समुद्र, पुढे काळ्या पोशाखातली व्हायोलिनवादक आणि खाली एक ओळ : रोज संध्याकाळी लाइव्ह क्लासिकल म्युझिक. जहाजावर गेल्यावर कळतं की हे संगीत लॉबीतल्या बारशेजारी पाऊण तास चालतं, निम्म्या चाली हॉलिवूडच्या आहेत आणि ऐकणाऱ्यांपेक्षा कॉफीच्या रांगेत उभे असलेले जास्त आहेत.

जाहिरात खोटी नसते. 'क्लासिकल' या एका शब्दात जहाज कंपन्या बरंच काही बसवतात, एवढंच. पण युरोपातल्या सफरीला विमानभाडं धरून माणशी काही लाख रुपये जातात. खास संगीतासाठी जाणाऱ्याने, किंवा आयुष्यभर बाख-मोझार्ट ऐकलेल्या आई-बाबांना पाठवणाऱ्याने, हा शब्द आधी उलगडून घेतलेला बरा.

'लाइव्ह क्लासिकल'चे तीन अर्थ

पहिला अर्थ म्हणजे वातावरणनिर्मिती. चहाच्या वेळी किंवा जेवणाआधी दोघा-तिघांचं पथक हलकंफुलकं वाजवतं. लोक बोलत असतात आणि बोलणंच अपेक्षित असतं.

दुसरा अर्थ म्हणजे जहाजावरचं कायमचं पथक. व्हायोलिन, चेलो, पियानो वाजवणारे हे वादक पूर्ण सफरभर जहाजावर असतात आणि ठरलेल्या वेळी बसून ऐकण्याचे कार्यक्रम करतात.

तिसरा अर्थ म्हणजे संगीताचीच सफर. बाहेरचे नावाजलेले कलाकार बोलावले जातात आणि प्रवासाचा कार्यक्रम मैफलींभोवती आखला जातो. याचं गाजलेलं जुनं उदाहरण म्हणजे पाके या फ्रेंच कंपनीचं 'मेर्मोझ' जहाज. त्यावरच्या संगीत महोत्सवात चेलोवादक रोस्त्रोपोविच, व्हायोलिनवादक आयझॅक स्टर्न अशी माणसं वाजवायची आणि तेच कलाकार दुसऱ्या दिवशी डेकवर दिसायचे. ते जहाज आता नाही, पण कल्पना टिकली.

मग कोणाकडे पाहायचं?

तिसऱ्या प्रकारात हापाग-लॉयड या जर्मन कंपनीचं 'ऑयरोपा' हे नाव आधी घ्यावं लागतं. १९९९ साली आलेलं हे जहाज जेमतेम ४०० प्रवाशांचं. 'ओशन सन फेस्टिव्हल' ही सफर आणि 'स्टेला मारिस' ही तरुण गायकांची स्पर्धा याच जहाजामुळे ओळखली जाते. अडचण दोन गोष्टींची. भाडं चढं आहे आणि जहाजावरचा बहुतेक व्यवहार जर्मनमध्ये चालतो. संगीताला भाषा लागत नाही हे खरं, पण दहा दिवस जेवणाच्या टेबलावर लागते. फ्रान्सची पोनां कंपनीही पाहुण्या कलाकारांच्या संगीत सफरी काढते.

दुसऱ्या प्रकारासाठी वायकिंगची समुद्रावरची जहाजं पाहावीत. २०१५ पासून सुरू झालेल्या या जहाजांवर कॅसिनो नाही, १८ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही आणि मधल्या मोठ्या दालनात क्लासिकल वादक नेमाने वाजवतात. शांतता हवी असणाऱ्यांना हे मानवतं. पण दालन उघडं आहे, सभागृह नाही, हे लक्षात ठेवायचं. हॉलंड अमेरिका कंपनीने न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरशी करार करून चेंबर म्युझिकचा मंच सुरू केला तेव्हा बरंच कौतुक झालं होतं. असे करार कायमचे नसतात, म्हणून जुनी शिफारस वाचून लगेच पैसे भरू नयेत.

क्यूनार्डच्या 'क्वीन मेरी २'चं प्रकरण मजेशीर आहे. एरवी तिथलं क्लासिकल बहुतेक दुपारच्या चहासोबत येतं. पण याच जहाजाच्या काही निवडक सफरींवर ब्रिटनच्या नॅशनल सिम्फनी ऑर्केस्ट्राचे वादक आलेले आहेत. जहाज तेच, मार्ग तोच, तारीख वेगळी आणि अनुभव पार वेगळा.

कंपनी नव्हे, तारीख पाहा

असं का होतं? जहाजावरचे बहुतेक वादक एजन्सीमार्फत, काही महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर येतात. मे महिन्यातलं उत्तम पथक सप्टेंबरमध्ये दुसऱ्याच जहाजावर असू शकतं. ही पद्धत जुनीच आहे. टायटॅनिकवरचे आठही वादक लिव्हरपूलच्या एका एजन्सीने पाठवलेले होते. गोव्याचे कितीतरी वादक अशाच कॉन्ट्रॅक्टवर समुद्रावर वाजवत आले आहेत.

म्हणून सगळ्यात उपयोगी कागद म्हणजे जहाजावर रोज प्रवाशांना मिळणारा दिवसभराच्या कार्यक्रमांचा तक्ता. हल्ली तो ॲपवरही येतो आणि प्रवासी त्याचे फोटो सोशल मीडियावर टाकत असतात. जहाजाचं नाव आणि गेल्या दोन-तीन महिन्यांतला एखादा महिना टाकून शोधा. मिळाला नाही तर एजंटकडे मागा. तक्त्यात संगीतकाराचं किंवा रचनेचं नाव छापलं असेल, शूबर्ट, ब्राम्स असं काही, तर तो ऐकण्याचा कार्यक्रम. नुसतं 'मधुर संध्याकाळ' छापाचं काही असेल तर पहिला प्रकार समजा. वेळही पाहा. मुख्य थिएटरमधल्या झगमगाटी शोच्याच वेळेला पियानो वादन ठेवलं असेल, तर कंपनीच्या लेखी त्याची किंमत काय, ते तिथेच कळतं.

एजंटला 'क्लासिकल आहे ना?' असं विचारलं तर उत्तर 'हो' असंच येणार. त्याऐवजी विचारा : वादक किती, कार्यक्रम कोणत्या दालनात, तिथे त्या वेळी बार चालू असतो का, पियानो खरा ग्रँड आहे की इलेक्ट्रॉनिक. लेखी उत्तर मागा.

मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझवर हे शोधायला जाऊ नये. तिथे भर हिंदी चित्रपटसंगीत आणि डान्स शोवर असतो, आणि तिथल्या प्रवाशांना हवंही तेच असतं.

डॅन्यूबवर गणित उलटं

नदीवरची जहाजं लहान, त्यामुळे जहाजावर संगीत बेताचंच. खरी मैफल किनाऱ्यावर. व्हिएन्नात बहुतेक कंपन्या जादा पैसे घेऊन मोझार्ट-स्ट्राउसच्या कार्यक्रमाला नेतात. तो छान असतो, पण पर्यटकांसाठी बेतलेला असतो. जहाज व्हिएन्नात रात्रभर थांबणार असेल तर स्वतः जाऊन स्टेट ऑपेराचं उभ्याने ऐकायचं स्वस्त तिकीट काढणं जास्त फायद्याचं. फक्त जुलै-ऑगस्टमध्ये तिथला सीझन बंद असतो आणि नेमकी तेव्हाच डॅन्यूबवर गर्दी असते. मे, जून किंवा सप्टेंबरची तारीख धरा. ब्रिटनची मार्टिन रँडल ट्रॅव्हल ही कंपनी तर डॅन्यूबवर संपूर्ण महोत्सवच भरवते. राहायचं जहाजात आणि मैफली ऐकायच्या काठावरच्या मठांत, राजवाड्यांत.

भारतीय पासपोर्ट असणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. 'क्वीन मेरी २'ने साउथहॅम्प्टनहून न्यूयॉर्कला जायचं तर ब्रिटन आणि अमेरिका दोन्हींचे व्हिसा लागतात. युरोपच्या सफरीत जहाज शेंगेन देशांबाहेरच्या बंदरावर थांबून परत येणार असेल, तर शेंगेन व्हिसा मल्टिपल एंट्रीचा हवा. ऑर्केस्ट्राच्या तारखा जाहीर झाल्यावर चांगल्या केबिन लवकर जातात आणि व्हिसाच्या अपॉइंटमेंटला वेळ लागतो, त्यामुळे दोन्ही कामं एकाच आठवड्यात सुरू करा.